तळे कोणाचे, काळजी कोणाची?

कशेडीचा घाट म्हणजे रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांची शीव. पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गाने हा घाट उतरून पोलादपूरकडे येणाऱ्या प्रवाशाला पाण्यावाचून दुसरे काही दिसत नाही. कड्याकड्यावरून ओहोळ कोसळत असतात, रस्त्याकडेच्या चऱ्या तुडुंब वाहतात आणि हे सारे पाणी सावित्रीच्या पात्राकडे धाव घेत असते. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावलेली ही नदी पोलादपूर आणि महाड ओलांडून बाणकोटजवळ समुद्राला मिळते आणि कोकणचा पाऊस ज्या वेगाने येतो त्याच वेगाने समुद्रात परत जातो. चैत्र-वैशाखात याच डोंगरउतारावरील वाड्यांतून बायाबापड्या हंडे-कळश्या घेऊन विहिरीच्या तळाशी पाझर साचण्याची वाट पाहत बसतात आणि शासनाला टँकर धाडावे लागतात.

या विरोधाभासाचा दोष नेहमी निसर्गाच्या माथी मारला जातो. उतार तीव्र आहे आणि खाली कठीण कातळ आहे, हे खरेच आहे. तथापि निसर्गाचे काम पाऊस पाडण्यापुरते. तो अडविणे, साठविणे, निर्मळ राखणे आणि प्रत्येक घरापर्यंत निर्धोक पोचविणे हे समाजाचे आणि त्याने उभारलेल्या सार्वजनिक संस्थांचे काम आहे. ते काम नेमके कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या धाकाने करावयाचे हा प्रश्न कशेडीच्या पायथ्यापासून थोड्याच अंतरावर असलेल्या महाड शहरात १९२७ साली विचारला गेला. विचारणारे होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. चवदार तळ्याचा सत्याग्रह समतेच्या लढ्यातील पहिले रणशिंग म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु बाबासाहेबांचे आयुष्य पाण्याच्या अंगाने वाचले, तर त्यात सार्वजनिक आरोग्याचाही एक मोठा धडा सापडतो. तो अजून पुरता गिरविला गेलेला नाही.

मसूर ते गोरेगाव

आंबेडकरांचे मूळ घराणे कशेडीच्या पश्चिमेस मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडिलांच्या निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीस व पुढे साताऱ्यास राहिले. साताऱ्यातच भीमराव आईला पारखे झाले.

त्या काळी दुष्काळी जनतेला काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे तलाव खोदण्याचे काम काढले होते आणि रामजी तेथे रोखपाल होते. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांना आपल्याकडे बोलावले. भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि बहिणीचा मुलगा अशी पोरे नवे कपडे घालून आगगाडीने मसूरला उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते, कारण येण्याचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरांचा नूर पालटला. दुप्पट भाडे देण्याच्या बोलीवर एक बैलगाडी मिळाली, पण गाडीवान अस्पृश्य मुलांशेजारी बसावयास तयार नव्हता. मुलांनी गाडी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे असे ठरले.

वाटेत शिदोरी सोडली तेव्हा पाण्याची गरज पडली. जवळच्या नदीच्या पात्रात एक डबके होते. त्यात चिखल होता, गुराढोरांचे शेण होते, मूत होते. दुर्गंधीने ते तोंडापर्यंत नेणेही अशक्य झाले. रात्री एका नाकेदाराच्या झोपडीशी मुले पोचली. तेथे चांगले पाणी होते, पण मुलांना ते मिळाले नाही. गाडीवानाच्या सल्ल्याने मुसलमान असल्याचे सांगून पाहिले, तरीही मिळाले नाही. अन्न जवळ असून पाण्यावाचून ती पोरे उपाशी निजली आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गोरेगावला पोचली.

बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींत हा प्रसंग सविस्तर आला आहे. त्यात जातीचा जाच तर आहेच, परंतु बारकाईने पाहिले तर त्यात आणखीही एक गोष्ट दिसते. जे पाणी मिळत होते ते पिण्याजोगे नव्हते आणि जे पिण्याजोगे होते ते मिळत नव्हते. पाण्याचे दुर्भिक्ष नव्हतेच. ज्याच्या ताब्यात पाणी होते त्याच्यावर ते देण्याचे बंधन नव्हते, एवढेच. वडील सार्वजनिक पैशाने तलाव खोदणाऱ्या कामावर आणि मुले घोटभर पाण्याला महाग, हा योगायोगही विसरण्याजोगा नाही.

साताऱ्याच्या शाळेत नळाला स्वतः हात लावण्याची या विद्यार्थ्याला मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी तहान. मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ साली पदवी मिळाली. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून परतल्यावर १९१७ साली बडोद्याच्या कचेरीत पुन्हा तोच अनुभव आला. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावावा की नाही, याबद्दल काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली. विद्येने पद मिळाले, पाणी मिळाले नाही. पाणी हे कोणाच्या औदार्यावर सोडण्याजोगे नाही, ते हक्काने मिळाले पाहिजे, ही गोष्ट या माणसाला ग्रंथ वाचून शिकावी लागली नाही.

ठराव आणि तळे

आंबेडकर लंडनहून अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवी आणि बॅरिस्टरी घेऊन परतले त्याच सुमारास मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलात एक महत्त्वाची घटना घडली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. पाणवठा आणि दवाखाना एकाच ठरावात आले, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. सार्वजनिक आरोग्याची सुरुवात या दोन ठिकाणांहूनच होते.

महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी आपल्या हद्दीतील चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे उदारमतवादी कार्यकर्ते नगरपालिकेत होते, त्यांचा त्यात मोठा वाटा होता. पण ठराव इतिवृत्ताच्या वहीत राहिला. तीन वर्षे एकाही अस्पृश्याची घागर तळ्यात बुडाली नाही. अन्यधर्मीयांना तेथे मज्जाव नव्हता, जनावरांनाही नव्हता. सरकारच्याही ध्यानात ही स्थिती आली होती. बोल्यांच्या मूळ ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे अशी सूचना कौन्सिलात १९२६ साली पुढे आली ती त्यामुळेच.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, संभाजी गायकवाड आदी कार्यकर्त्यांनी ती घडवून आणली. दूरदूरच्या गावांतून लोक पायी आले. तळे शेजारी असताना परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. परिषदेच्या अखेरीस नगरपालिकेचा ठराव अमलात आणावा असे ठरले आणि डॉ. आंबेडकरांच्या मागून शांतपणे चालत निघालेला जनसमुदाय तळ्यावर पोचला. डॉ. आंबेडकर पाण्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या पाण्यावाचून कोणाचे प्राण अडले नव्हते, हे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले. माणूस म्हणून बरोबरीचे स्थान प्रस्थापित करणे हा हेतू होता.

त्यानंतर जे घडले ते लांछनास्पद होते. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि घराकडे परतणाऱ्या, जेवावयास बसलेल्या माणसांवर लाठ्यांचे हल्ले झाले. डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. नाहीतर महाडच्या रस्त्यांत रक्तपात अटळ होता.

कोणती शुद्धी?

काही दिवसांनी तळ्याचे शुद्धीकरण झाले. दूध, दही, शेण आणि गोमूत्र घातलेल्या १०८ मातीच्या घागरी मंत्रघोषात तळ्यात बुडविण्यात आल्या आणि पाणी पुन्हा शुद्ध झाल्याचे जाहीर झाले.

या प्रसंगाकडे आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने पाहिले म्हणजे मन थक्क होते. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ सालीच पटकीची साथ दूषित पाण्यातून पसरते हे एका पंपाच्या उदाहरणाने दाखवून दिले होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली पटकीचे जंतू कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात शोधून काढले होते, म्हणजे शास्त्राचा पुरावा भारतातल्याच एका तळ्यातून आला होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत सार्वजनिक जलाशयाचे पाणी घाण करणे हा गुन्हा होता. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने आरोग्यास धोका पोचणार नाही असे पाणी पुरविण्याची व्यवस्था करणे हे नगरपालिकांचे कर्तव्य ठरविले होते. शास्त्र होते, कायदा होता, संस्था होती. असे असूनही ज्या पाण्यात माणसाच्या स्पर्शाने काहीही बिघडले नव्हते त्या पाण्यात, शुद्धीच्या नावाने, शेण आणि मूत्र मिसळले गेले. मसूर-गोरेगावच्या वाटेवर जे डबके दहा वर्षांच्या मुलाला पिता आले नव्हते, तेच मिश्रण छत्तीसाव्या वर्षी त्याच्यासमोर पावित्र्य म्हणून मांडले गेले.

शुद्धतेच्या दोन कल्पनांचा हा संघर्ष होता. एक कल्पना पाणी कोणी भरले एवढेच विचारते. दुसरी पाण्यात काय आहे ते तपासते. पहिलीने हजारो माणसांना डबक्यांकडे ढकलले आणि ज्यांनी ढकलले त्यांचेही रक्षण केले नाही, कारण रोगजंतूंना गावकुसाची वेस ठाऊक नसते. वस्तीच्या एका भागाला घाण पाणी पिण्यास भाग पाडून दुसऱ्या भागाला निरोगी राहता येईल, ही समजूत साथीच्या प्रत्येक वर्षी खोटी ठरत आली आहे.

दहा वर्षांचा दावा

४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. ज्या संस्थेने तळे खुले केले तिनेच ते बंद केले. यावर डॉ. आंबेडकरांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह परिषद बोलाविली. तेवढ्यात काही सनातनी नागरिकांनी तळे खाजगी आहे असा दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून पद्मावती बोटीने निघून दासगावच्या बंदराला उतरले आणि तेथून पायी महाडला आले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. हजारो लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते. परंतु न्यायालयाचा हुकूम उभा असताना तळ्यात उतरू नये, असा निर्णय २७ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांनी घेतला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली, पाण्याला कोणी हात लावला नाही.

तो निर्णय अनेकांना रुचला नाही. पण या माणसाचा स्वभाव त्यातच दिसतो. जमावाने एक दिवस तळे जिंकले तरी दुसऱ्या दिवशी ते कोणाच्या ताब्यात असेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांना एका दिवसाचे पाणी नको होते. ते कायमचे, कायद्याने बांधलेले हवे होते. म्हणून त्यांनी प्रतिवादी म्हणून दावा लढविला. १९३१ साली खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, ठाण्यातील अपिलातही तोच कायम राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. चार-पाच एकरांचे, पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्याने भरणारे, चोहोबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते असलेले ते तळे अनादी काळापासून अस्पृश्यांना बंद होते, अशी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही.

या निकालाचा एक अर्थ सहसा सांगितला जात नाही. तळे सार्वजनिक ठरले, म्हणजे त्यावरचा हक्क सर्वांचा ठरला, हे तर झालेच. पण त्याच न्यायाने त्याची जबाबदारीही सार्वजनिक संस्थेची ठरली. ज्यावर सर्वांचा हक्क आहे ते पाणी सर्वांना पिण्याजोगे ठेवणे हे मालक असलेल्या संस्थेचे कर्तव्य आहे. हक्क आणि निर्धोकता ही एकाच निकालाची दोन अंगे होत.

दावा चालू असतानाच १९३४ साली डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी दारालगतच्या हौदात हातपाय धुतले. लागलीच हौद बाटविल्याची ओरड झाली. येथे ओरडणारे मुसलमान होते. किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करणार नाही या अटीवर, शस्त्रधारी पहाऱ्यात, या विद्वानाला किल्ला पाहावा लागला. तोवर तो गोलमेज परिषदेत बसून आला होता, पुणे करारावर सही करून चुकला होता.

तळ्यापासून नदीखोऱ्यापर्यंत

१९४२ च्या जुलैत डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या खात्याकडे पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. घोटभर पाण्यासाठी ज्याला नाकेदाराची विनवणी करावी लागली होती, त्याच्या हाती देशाच्या नद्यांचा विचार आला. १९४३ साली दामोदर नदीच्या महापुराने बंगालमध्ये हाहाकार उडविला, तेव्हा पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करणारी खोरेव्यापी योजना त्यांच्या कारकिर्दीत आकारास आली. १९४५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोगातूनच आजचा केंद्रीय जल आयोग उत्क्रांत झाला आहे. पाण्याचा कारभार तज्ज्ञांच्या कायम संस्थेकडे असावा, तो अधिकाऱ्यांच्या बदल्यांबरोबर बदलू नये, ही त्यामागची दृष्टी होती.

त्याच काळात ते धनबादच्या कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले. १९४४ साली खाणकामगारांसाठी जो कल्याण निधी वटहुकमाने निर्माण झाला, त्यात घरे आणि दवापाणी यांच्याबरोबर पाणीपुरवठ्याचाही समावेश होता. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजनाही याच खात्यात तयार झाली आणि १९४८ च्या कायद्याने अस्तित्वात आली.

पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जे काम केले त्यात महाडची खूण स्पष्ट उमटली आहे. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. जगातील फार थोड्या राज्यघटनांना विहिरीचे नाव घेण्याची गरज पडली असेल. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे अनुच्छेद ४७ सांगतो. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा कायदा आला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निर्वाण झाले, तेव्हा पाण्याचा हक्क देशाच्या कायद्यात लिहिला गेलेला होता.

त्या पायावर पुढील इमारत उभी राहिली. १९७४ साली जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला. १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसा नाही ही सबब सांगून सार्वजनिक स्वच्छतेचे कर्तव्य टाळता येणार नाही, असे ठरविले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातील पाणवठा दूषित करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १०८ घागरींना कायद्याने दिलेले ते उत्तर होय. १९९१ साली प्रदूषणमुक्त पाण्याचा उपभोग हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

वहीतला ठराव, घागरीतले पाणी

मग कशेडीच्या पायथ्याशी उणीव कशाची आहे? कायद्याची नाही, संस्थांचीही नाही. उगम शोधण्यास भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा आहे, योजना बांधण्यास जीवन प्राधिकरण आणि जिल्हा परिषद आहे, नमुने तपासण्यास प्रयोगशाळा आहेत, साथ आवरण्यास आरोग्य खाते आहे, कारखान्यांच्या सांडपाण्यावर नजर ठेवण्यास प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे आणि रोजच्या रोज पाणी शुद्ध करून सोडण्यास ग्रामपंचायत आहे. प्रत्येक गावात जलसुरक्षक नेमलेला असतो. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकणे आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही हे ओटी चाचणीने पाहणे हे त्याचे काम. पाणवठ्यांच्या स्थितीनुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळी आणि हिरवी कार्डे देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. कागदावर ही रचना निर्दोष आहे.

अडचण अशी की एवढ्या संस्थांत विभागलेली जबाबदारी संकटाच्या वेळी कोणाचीच राहत नाही. गॅस्ट्रोची साथ आली की आरोग्य खाते ग्रामपंचायतीकडे बोट दाखविते, ग्रामपंचायत गळक्या जलवाहिनीकडे, जलवाहिनी बांधणारे खाते देखभालीच्या अभावाकडे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आले, रोजगार आला आणि त्याबरोबर सावित्रीच्या पाण्याची चिंताही आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली तीत महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते आणि सावित्रीचे नावही होते. जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले. असा पूर ओसरल्यावर गाळाने भरलेल्या विहिरी आधी कोणी उपसावयाच्या, हाच प्रत्येक गावापुढचा पहिला प्रश्न असतो. २०१९ पासून जलजीवन मिशनने घरोघर नळ देण्याचे काम हाती घेतले आहे. नळ बसविणे हे अर्धे काम. त्याच्या उगमात मे महिन्यात पाणी असणे, ते तपासलेले असणे आणि वाडीच्या टोकाच्या शेवटच्या घरापर्यंत ते तितक्याच दाबाने पोचणे हे उरलेले अर्धे. टोकाची घरे कोणाची असतात, हा प्रश्न आजही अप्रस्तुत नाही.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली केलेला ठराव चांगला होता. तीन वर्षे तो वहीत राहिला, कारण तो अमलात आला की नाही हे विचारणारे कोणी नव्हते. हजारो माणसे तळ्यावर चालत गेली तेव्हा तो प्रश्न विचारला गेला. आज त्यासाठी लाठ्या खाव्या लागत नाहीत. ग्रामसभेत उभे राहून गेल्या तिमाहीचा पाण्याचा तपासणी अहवाल मागावा, एवढेच पुरते. शाळेची टाकी शेवटची केव्हा धुतली हे शिक्षकाला विचारता येते. क्लोरीनची नोंदवही रोज भरली जाते की महिनाअखेरीस एकदम, हे कचेरीतील लिपिकाला कळते. विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन देणे हे विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अवघड नाही. हे प्रश्न विचारण्यात कोणाचा उपमर्द नाही. सार्वजनिक संस्था प्रश्नांवरच जागी राहते.

चवदार तळे आज प्रामुख्याने स्मारक आहे. २० मार्चला तेथे माणसांचा सागर लोटतो, आणि २०२७ हे त्या सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष. शताब्दीला पुतळ्यांना हार घातले जातात, भाषणे होतात आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याचे बालपण एका डबक्याच्या काठी तहानलेले राहिले आणि ज्याने एका तळ्यासाठी दहा वर्षे न्यायालयाची पायरी चढली, त्याचे स्मरण आणखी एका मार्गाने होऊ शकते. पोलादपूर आणि महाड तालुक्यांतील प्रत्येक वाडीच्या पाणवठ्याशी, या पाण्याची जबाबदारी कोणाची आहे आणि ते अखेरचे केव्हा तपासले, एवढी माहिती देणारी एक पाटी लागावी. तिच्यावरचा मजकूर खरा आहे की नाही हे पाहण्याचे काम मात्र पाणी भरावयास येणाऱ्या प्रत्येकाचे राहील.